हात जोडायचे नाहीत

माझ्या नवऱ्याकडे स्वतःचं विमान आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघतात, ही पण तसलीच दिसते म्हणून. हसू देत. दिंद्रुड आणि सिरसाळ्याच्या मध्ये आमचा एक माळ आहे. कुसळाशिवाय तिथं कधी काही उगवलं नाही. अमरसिंहांनी त्यावर धावपट्टी केली, पत्र्याची मोठी शेड उभी केली आणि चार सीटचं, एका इंजिनाचं जुनं विमान आणून ठेवलं. लायसन त्यांनी तरुणपणीच काढलं होतं. पुढे सासरे गेले, शेती अंगावर पडली, राजकारण आलं, गावोगावची लग्नं-मयतं आली, पण विमान सुटलं नाही. माणसाला एखादं वेड असावं या मताची मी आहे. त्या वेडापायी मला मागच्या सीटवर बसावं लागतं, एवढीच माझी तक्रार.

अशा हौशी वैमानिकांना अधूनमधून प्रशिक्षकाला शेजारी बसवून उजळणीचं उड्डाण करावं लागतं. आपण काय विसरलो, कुठं ढिले पडलो, ते त्यानं बघायचं आणि ठीक वाटलं तर सही करायची. आमच्याकडे आधी एक साहेब यायचे. माळावर दोन चकरा, दोन-तीन वेळा उतरून दाखवणं, मग घरी मटणाचं जेवण, आणि हात धुता धुता सही. जाताना म्हणायचे, "अमरसिंहराव, तुमच्याकडूनच आम्ही शिकावं." हे ऐकून आमचे धनी आठवडाभर जमिनीवर नसायचे.

यंदा त्या साहेबांना जमत नव्हतं म्हणून फ्लाइंग क्लबानं दुसरं कुणीतरी पाठवलं. आणि गाठ नेमकी अशी पडली की दोन दिवसांवर गावातल्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. कीर्तन संपता संपता मंडपावर विमानातून पुष्पवृष्टी करायची असं ह्यांनी ठरवलं होतं. परवानगीची धावपळ पुतण्यानं, अंगदनं केली होती. सिरसाळ्याच्या चौकापर्यंत बॅनर लागले होते. फुलं टाकायला मागच्या सीटवर मी. राहिली होती फक्त प्रशिक्षकाची सही.

सकाळी दारात गाडी थांबली आणि कॅप्टन अंजली वाव्हळ उतरली. वय पस्तिशीच्या आसपास, पांढरा शर्ट, पायात साधे बूट. हे आत स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात कुजबुजले, "अगं, पोरगी हाय ही."

"मग तुम्हाला काय म्हातारी पाहिजे होती?" मी म्हणाले.

माझ्या सासूबाई केसरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा करून तिला नीट न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

"परळीच्या शहादेव वाव्हळांची. बाबा थर्मलच्या वीजकेंद्रात होते, आता रिटायर झालेत."

"विमानात भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की, आजी. वाटतं म्हणून तर रोज तपासून बघते."

आत्याबाईंना हे उत्तर आवडलं. त्यांनी तिला जेवायला थांबायचं फर्मान सोडलं. अंजली म्हणाली, चहा आत्ता, जेवण काम झाल्यावर. माझ्या मनानं तिथंच तिला शंभर मार्क दिले.

शेडमध्ये गेल्यावर ती लगेच विमानात बसेल असं आम्हाला वाटलं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि गप्पा मारत बसली. गेल्या वर्षभरात कुठं कुठं गेलात? वारा आडवा असला की काय करता? उडताना शेवटची भीती कधी वाटली?

"भीती? आपल्याला न्हाई वाटत," हे म्हणाले.

"ताई, तुम्हाला?"

मी नवऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. तिनं माझं गप्प बसणं बरोबर ऐकलं असणार, कारण पुढचाच प्रश्न होता, "परवा नेमकं काय करणार आहात?" ह्यांनी पुष्पवृष्टीचं सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "मग आज आपण तेच करू. पुस्तकातले धडे तुम्हाला पाठ असणार. परवा जे वजन असेल तेच आज घेऊ. ताई, तुमची तयारी असेल तर तुम्ही मागे बसा, फुलांचं पोतंही घेऊ. वर गेल्यावर थोडं पोटात गोळा येईल असं काहीतरी मी करायला लावेन. ते भरपूर उंचीवर करू, पण नको वाटलं तर आत्ताच सांगा."

मी नको म्हणाले नाही. परवा बसायचंच होतं, तर आज कळलेलं बरं.

विमान धावपट्टीवरून उठलं आणि मला नेहमीसारखाच नवऱ्याचा कौतुकमिश्रित राग आला. जमिनीवर हा माणूस एक काम धड पूर्ण करत नाही. चहा अर्धा टाकून उठतो, बोलता बोलता तिसऱ्याशीच बोलायला लागतो. पण विमानात त्याचा हात इतका मऊ पडतो की चाकं कधी सुटली ते कळत नाही. खाली वीटभट्ट्यांचा धूर एका बाजूला झुकलेला दिसत होता. त्याच्याकडे बघत ह्यांनी वाऱ्याचा अंदाज सांगितला, तो अचूक निघाला. लांब परळीच्या वीजकेंद्राच्या धुराड्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला माजलगावच्या धरणाचं पाणी. अंजलीनं डावीकडे वळायला सांगितलं, उजवीकडे वळायला सांगितलं, मध्येच इंजिन बंद पडलंय असं समजा म्हणाली आणि कुठल्या शेतात उतराल ते विचारलं. ह्यांनी क्षणात एक मोकळं रान दाखवलं. "छान," ती म्हणाली. "खरंच छान." ती उगाच बोलणाऱ्यातली नव्हती, म्हणून ह्यांची मान इंचभर वर गेलेली मला मागून दिसली.

"आता गावावरून जाऊ," ती म्हणाली. "मी इथं नाहीच असं समजा. नेहमी जाता तसं जा."

आणि हे नेहमी जातात तसे गेले. विमान खाली घेतलं. लोकांना नीट दिसावं म्हणून वेग कमी केला. आवाज ऐकून माणसं गच्चीवर आली, मंडप बांधणारे बांबू सोडून वर बघायला लागले. ह्यांनी डावा पंख खाली करून देवळाभोवती वळण घेतलं. खालच्या लोकांनी हात जोडले. आणि ह्यांनीही जोडले. दोन्ही.

मला नवल वाटलं नाही, हेच वाईट. जीप चालवतानाही हे असंच करतात. बाजारातून जाताना कुणी रामराम घातला की स्टिअरिंग गुडघ्यानं धरायचं आणि दोन्ही हात जोडायचे. एका हातानं नमस्कार घेतला की माणूस दुखावतो, असं सासरे सांगून गेलेत. वीस-पंचवीस वर्षांत ह्यांनी कुणाचा नमस्कार जमिनीवर पडू दिलेला नाही. निवडणुका त्यावरच जिंकल्यात.

विमानाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाक खाली गेलं, डावा पंख आणखी कलंडला आणि देवळाचा कळस खिडकीत मोठा व्हायला लागला.

"विमान माझ्याकडे," अंजली म्हणाली. आवाज चढला नाही. तिच्या हातानं पंख सरळ झाले, इंजिन गरजलं आणि आम्ही वर निघालो. ह्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

"काय झालं, मॅडम? मी करत होतो की नीट."

"सांगते. आधी वर जाऊ."

ती आम्हाला धरणाच्या पाण्यावर घेऊन गेली, खूप उंच. खाली एकही घर नव्हतं. मग विमान तिनं ह्यांच्या हाती दिलं. "खाली पाणी नाही, आपलं गाव आहे असं समजा. तोच वेग, तेच वळण. मी म्हणेन तेव्हा नमस्कार करा. नाक खाली जाईल. मग जे हात आपोआप करतील ते करू द्या. मी शेजारी आहे."

हे हसले. वळण घेतलं, हात जोडले. नाक खाली गेलं तसे दचकून त्यांनी नाक वर-खाली करायचा दांडा दोन्ही हातांनी जोरात आपल्याकडे ओढला. गावावर असते तर कुणीही तेच केलं असतं. जमीन अंगावर यायला लागली की माणूस ओढणारच. धोक्याचा भोंगा किंचाळला, सगळं विमान थरथरलं, आणि पंखांचा हवेतला आधारच सुटला. डावा पंख निसटला. समोरच्या काचेत आभाळ उरलं नाही, नुसतं पाणी. पोत्यातली झेंडूची फुलं उठून माझ्या तोंडासमोर तरंगायला लागली. मी ओरडले असणार, मला आठवत नाही.

"ढिलं सोडा. पंख सरळ. आता हळू वर," अंजली सांगत होती आणि ह्यांनी ते केलं, नीट केलं. विमान सावरलं. फुलं माझ्या मांडीवर, केसांत, तिच्या खांद्यावर पडली.

"उंची किती गेली बघा."

ह्यांनी काट्याकडे पाहिलं.

"आणि मघाशी गावावर आपण किती उंचीवर होतो?"

आत्ता गेली त्याहून कमी, हे मलाही कळलं. ह्यांनी विमान माळाकडे वळवलं. उतरले ते आयुष्यात पहिल्यांदा धाडकन.

शेडमध्ये तिनं पुन्हा खुर्च्या समोरासमोर मांडल्या. ओरडली नाही, उपदेश केला नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगा सर. काय जमलं, काय नाही." ह्यांनी वारा सांगितला, वळणं सांगितली, मोकळं रान सांगितलं, इतकंच काय, शेवटचं खराब उतरणंही सांगितलं. ते एक सोडून सगळं. ती वाट बघत बसली. मला वाटतं प्रशिक्षकाचं अर्धं काम हे असं वाट बघत बसण्याचं असावं. माझ्यानं ते जन्मात झालं नसतं.

अखेर हे म्हणाले, "लोकं हात जोडत्यात, मॅडम. मी न्हाई जोडले तर काय म्हणतील? चढला म्हणतील."

"म्हणतील," ती म्हणाली. "तुमचा हात चांगला आहे सर, माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा चांगला. पण ही सवय आज जाणार नाही. मी आज सही करत नाही. लागेल तितक्या वेळा मी येईन, आपण ती घालवू."

अंगद उसळला. "अहो मॅडम, परवा कार्यक्रम हाय! बॅनर लागलेत! काहून अडवता एवढ्यासाठी?"

"मी परवा मागे बसू का?" मी मध्येच विचारलं. अंजलीकडे बघून.

"मी माझ्या आईला बसवणार नाही," ती म्हणाली.

"मग मीही बसणार नाही," मी ह्यांना म्हणाले. "फुलं टाकायला दुसरी बायको बघा."

हे हसले नाहीत. अंगद बाहेर जाऊन फोनवर बोलत होता. आत येऊन म्हणाला, "काका, जुने साहेब उद्या येतो म्हणाले. अर्धा तास थांबतील, सही करून जातील."

अंजलीनं आपली बॅग आवरायला घेतली. अडवायचं तेवढं तिचं अडवून झालं होतं. हे उठले आणि विमानात जाऊन बसले, एकटेच. दार उघडं, इंजिन बंद. समोर बघत होते, एक हात दांड्यावर, एक हात इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या खटक्यावर. तेवढ्यात आमचा सालगडी सुग्रीव बैल घेऊन शेडसमोरून चालला होता. विमानात मालक दिसले तसा तो थांबला. "रामराम, दादा."

दोन्ही हात वर गेले आणि जुळले.

सुग्रीव बैल हाकत निघून गेला. हे त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मी या माणसाला निवडणूक हरताना पाहिलंय, पण असं पडलेलं तोंड पाहिलं नव्हतं. मग ते खाली उतरले.

"अंगद, साहेबाला फोन लाव. नका येऊ म्हणावं."

"काका, पण लोकांला काय सांगायचं?"

"मी सांगतो ना बे. तू फोन लाव."

आणि त्यांनी सांगितलं. काल्याच्या दिवशी मंडप खच्चून भरला होता, अर्धी माणसं आभाळाकडे बघत बसली होती. हे माइकसमोर उभे राहिले. "विमान येणार न्हाई," म्हणाले. "विमानाला काही झालं न्हाई. माझी परीक्षा झाली, त्यात मी नापास झालो. फुलं आणलेली हायती, ती आपण हातानं वाहू." मंडपात आधी कुणाला काही समजलं नाही. मग मागून बंकटरावांच्या माणसांत खसखस पिकली. बंकटराव म्हणजे ह्यांचे पिढीजात विरोधक. ह्यांनी ते हसू ऐकलं आणि खाली येऊन जमिनीवर बसले. पुढे महिनाभर सिरसाळ्याच्या बाजारात हे दिसले की कुणीतरी विचारायचंच, "दादा, निकाल लागला का?"

अंजली दर रविवारी यायची. तिची शिकवण्याची तऱ्हा मला अजून आठवली की हसू येतं आणि आदरही वाटतो. पहिल्या रविवारी ती विमानाजवळ गेलीच नाही. म्हणाली, "जीप काढा. बाजारातून जाऊ. हात स्टिअरिंगवर. नमस्कार आला तर मान हलवा, हात जोडायचे नाहीत." स्वतः शेजारी बसली, मी मागे. चौकापर्यंत जाताना ह्यांनी चार वेळा हात सोडले. दर वेळी ती फक्त म्हणायची, "हात." दुसऱ्या रविवारी दोनदा. तिसऱ्या रविवारी एकदाही नाही, पण त्या संध्याकाळी गावातले दोन म्हातारे आमच्या ओसरीवर येऊन बसले, आमचं काय चुकलं म्हणून विचारायला. ह्यांनी त्यांना दोन्ही हात जोडले, चहा पाजला आणि सगळं समजावून सांगितलं.

त्यानंतर आभाळ. सरळ जायचं, वेग सोडायचा नाही, ठरलेल्या उंचीच्या खाली यायचं नाही, खाली कोण आहे ते बघायला पंख कलंडवायचा नाही. वळायचं ते गाव मागे टाकून, मोठं वळण घेऊन. रिकाम्या रानावर हे सगळं ह्यांना झकास जमायला लागलं. मला वाटलं, झालं, आता सही होणार. अंजलीनं मात्र मला बाजूला घेतलं.

"ताई, रिकाम्या रानाला कुणीही नमस्कार करत नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी गाव गच्चीवर पाहिजे. सगळं गाव. हात जोडून. आणि आजी पुढे पाहिजेत. सरांना कळता कामा नये."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग घरोघर जाऊन मी ते केलं. बायकांना सांगितलं, पोरांना सांगितलं, बंकटरावांच्या वाड्यावरही निरोप धाडला, कारण ती मंडळी तर आनंदानं येणार होती. आत्याबाईंना इतकंच म्हणाले, "तुमचा लेक विमानातून जाईल, त्याला हात जोडा."

"आईनं लेकाला हात जोडायचे?" त्या म्हणाल्या. पण विमानाला जोडते म्हणून तयार झाल्या.

रविवारी मी मागच्या सीटवर होते. पोत्यात फुलं होती, वजन तेच. गाव जवळ आलं तसं मला दिसलं, एकही गच्ची मोकळी नव्हती. पत्र्यांवर पोरं, देवळाच्या ओट्यावर म्हातारी माणसं, आणि सगळ्यांचे हात जोडलेले. आमच्या गच्चीवर मधोमध हिरव्या लुगड्यातल्या आत्याबाई उभ्या, हात डोक्याच्या वर नेऊन जोडलेले. ऐंशीच्या पुढची म्हातारी. ह्यांची पाठ ताठ झालेली मी पाहिली. उजवा हात खटक्यावरून किंचित उठला. अंजलीचे हात तिच्या मांडीवर होते, पण बोटं आवळलेली होती.

हात परत खाली बसला. विमान सरळ गेलं. गाव मागे पडलं, मोठं वळण झालं, धावपट्टी समोर आली, चाकं कधी टेकली ते मला कळलं नाही.

इंजिन बंद झालं तरी ह्यांनी दांडा सोडला नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

"सर, आता सोडा," अंजली म्हणाली.

"आई होती गच्चीवर," हे म्हणाले. "बघितलं मी तिला."

"मग?" मी मागून विचारलं.

"मग काय. वेग बघितला." आणि शर्टाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले.

अंजलीनं तिथंच, विमानात बसूनच सही केली. तिचे स्वतःचे डोळे काही कोरडे नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि ते मी दोघांच्या समोर मोठ्यानं बोलून दाखवलं.